भावी साहेबांचं पर्सेंटाइल

या, असे पुढं सरका. दाराशी कशाला बसलात? तिथं अर्धी गोष्ट वाऱ्यालाच ऐकू जाईल. जवळ या, ऐसपैस बसा, पायाला मुंग्या आल्या तर खुशाल पाय पसरा, पण मधेच उठू नका. आज तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, जो वर चढायला निघाला आणि आपल्या खाली किती लोक उभे आहेत ते मोजत बसला. हसू येईल तिथं हसा. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, पण ते आत्ता सांगत नाही. आधीच मागितलं की लोक चपला शोधायला लागतात, असा अनुभव आहे.

तर हा माणूस पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क होता आणि सगळे त्याला 'भावी' म्हणत. फार पूर्वी एका साहेबांनी आपल्या निरोपसमारंभात त्याच्याकडे बोट करून 'हे आपले भावी साहेब' असं म्हटलं होतं. ते साहेब गेले, त्यांच्यामागून आलेलेही गेले. 'भावी साहेब' मधलं 'साहेब' वापराअभावी गळून पडलं आणि नुसता भावी उरला. शिपाईसुद्धा विचारायचा, "भावी, चहा सांगू का?" यात अपमान आहे की मान, हे भावीला कधी ठरवता आलं नाही. पण चहा गरम असायचा, म्हणून तो जास्त खोलात शिरला नाही.

अशा माणसाच्या टेबलावर एके दिवशी वरून हुकूम आला. यापुढं बढती वयावर नाही, परीक्षेवर. सगळ्या कचेऱ्यांना गणिताचा एकच पेपर आणि निकाल त्या त्या कचेरीपुरता, पर्सेंटाइलमध्ये. ऐंशी किंवा वर गेला तो साहेब होण्यास पात्र. आणि जे वर जाणार नाहीत, त्यांच्यातला सगळ्यात जुना माणूस धरणाजवळच्या पंपघरावर बदलून जाईल, कारण तिथली जागा कधीची रिकामी आहे. निवृत्तीला टेकलेल्यांना परीक्षेतून आणि बदलीतूनही सूट होती. भावी टेकलेला नव्हता, नुसता झुकलेला होता. त्याच्या वयाला ही पहिलीच आणि शेवटची संधी होती.

पंपघराला भावी घाबरत नव्हता. पण बदली झाली की कचेरीनं भाड्यानं घेऊन दिलेलं घर सोडावं लागणार, आणि त्या घरात आत्या होती. आईमागं त्याला वाढवलं ते या आत्यानं. आता तिच्या डोळ्यांपुढं नुसता धूसर उजेड उरला होता. तरी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती कुणाला धरून चालत नसे. पाण्याचं पिंप, खिडकीची कडी, कठड्याचा ढिला गज, जिन्याची फुटक्या कडेची पहिली पायरी, सगळं तिला हातापायांनी पाठ. नव्या जागी नेली असती तर ती एका खुर्चीत बसून राहिली असती, आणि तक्रार अजिबात केली नसती. तक्रार न करणाऱ्या माणसाची धास्ती फार. भावीला रात्रंदिवस तीच लागली.

तो अभ्यासाला बसला. बसला म्हणजे उठला, फेऱ्या मारल्या, पुन्हा बसला, पाय हलवला, पेन्सिल चावली, पुन्हा उठला. बायको म्हणाली, "अहो, पुस्तक घेऊन चालताय की पुस्तक तुम्हाला फिरवतंय?"

बेरीज-वजाबाकी, काळ-काम-वेग यांच्याशी त्याचं जुनं सख्य होतं. गाडं अडलं पर्सेंटाइलच्या धड्यावर. पहिलंच उदाहरण होतं: परीक्षेला चाळीस जण बसले, एकाला शंभरपैकी बावन्न गुण पडले आणि त्याचं पर्सेंटाइल पंचाहत्तर आलं, तर त्याच्यापेक्षा कमी गुण किती जणांना?

भावी खवळला. "बावन्न पडलेत आणि पंचाहत्तर लावून घेतोय! वरचे तेवीस आणले कुठून यानं?"

तेवढ्यात मेव्हणा आला. हा विमा एजंट. ज्याला सगळ्यातलं कळतं असा प्रत्येक घरात एक असतोच आणि तो बहुधा बायकोकडूनच येतो. (माझ्या घरातही आहे, पण मूळ पदावर येऊ.) मेव्हणा म्हणाला, "भावोजी, समजून काय करायचंय? चार उत्तरांतलं सगळ्यात लांब असेल त्याच्यावर खूण करायची. लांब उत्तर लिहायला कष्ट पडतात, आणि चुकीच्या उत्तरासाठी कष्ट कोण घेईल?"

भावीनं लांब उत्तरावर खूण केली. ते 'यांपैकी एकही नाही' होतं.

वरच्या मजल्यावरच्या गाणेबाई मुलांना गाणं शिकवत. त्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "सूत्राला चाल लावा, भावी, आपोआप पाठ होईल." भावीनं चाल लावली. सूत्र पाठ झालं, पण आता ते म्हटल्याशिवाय त्याला अंघोळ करता येईना, आणि अर्थ होता तिथंच राहिला.

शेवटी आत्याच म्हणाली. ती खिडकीशी गुणगुणत बसली होती. "बाळा, मला काही दिसत नाही, पण हाताला लागलं की कळतं. तुझ्या त्या गणिताला हात लागेल असं काहीतरी कर की."

भावी फेरी मारता मारता थांबला. बरेच दिवसांत तो पहिल्यांदाच थांबला होता, म्हणून बायको घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"माणसं उभी करतो!" भावी ओरडला. "उंचीप्रमाणं! जिन्यावर! एका पायरीला एक!"

"देवा," बायको म्हणाली. त्या एका शब्दात पुढचं सगळं आलं होतं.

आता जिना म्हटला की इमारतीचा सेक्रेटरी आला. हा अंगानं लहान आणि अधिकारानं मोठा. म्हणाला, "जिना सामायिक आहे. लेखी अर्ज लागेल. कारण काय लिहिणार?"

"पर्सेंटाइल."

"तसा प्रकार नियमांत नाही. नियमांत घरगुती, धार्मिक आणि शोकप्रसंग एवढेच आहेत."

भावीनं बराच विचार करून 'घरगुती' लिहिलं. सेक्रेटरीनं स्वतःच अर्ज स्वीकारला, स्वतःच पुढं पाठवला, स्वतःच मंजूर केला आणि म्हणाला, "देखरेखीला मी हजर राहीन."

रविवारी सकाळी दहा माणसं जमवायची होती. लोक आले, कारण फुकट मोजमाप कोण सोडतो? तळमजल्यावरचा शिंपी टेप गळ्यात घालून आला. पोस्टातला शेजारी आला. तो इतका उंच की त्याला सगळे खांब म्हणत. गाणेबाई आल्या, मेव्हणा न बोलावता आला, बायको कपाळाला हात लावून आली. बाकीची संख्या आजूबाजूच्या बिऱ्हाडांनी भरून काढली.

शिंप्यानं दारातच मापं घ्यायला सुरुवात केली आणि भांडणालाही तिथंच सुरुवात झाली. गाणेबाईंचं म्हणणं, अंबाडा उंचीत धरावा, कारण तो रोज असतो. मेव्हणा म्हणाला, मग माझी टोपी पण धरा. शिंप्याचा टेप इतक्या वर्षांत ओढून ओढून ताणला गेला होता, त्यामुळे सगळेच चार बोटं बुटके भरले. खांबसुद्धा हळहळला. म्हणाला, "एवढ्याचसाठी आयुष्यभर डोकं आपटत आलो का मी चौकटीला?"

तरी रांग लागली. सगळ्यात वरच्या पायरीवर खांब, त्याच्याखाली शिंपी, मग भावी, अशी एकेक पायरी उतरत. घोडं अडलं ते सगळ्यात खालच्या पायरीवर. देखरेखीला आलेल्या सेक्रेटरीलाही दहांत धरलं होतं, आणि मापाप्रमाणं ती पायरी त्याची होती.

"मी?" सेक्रेटरी म्हणाला. "सेक्रेटरी खाली आणि भाडेकरू वर? उद्या मला कोण जुमानेल?" तो घरात गेला आणि लग्नातले उंच टाचांचे बूट घालून आला. शिंप्यानं पुन्हा टेप लावला. तरीही तोच.

"अहो, पण कुणीतरी खाली लागतंच ना!" भावी काकुळतीला आला. "नाहीतर वरच्याचं पर्सेंटाइल मोजायचं कशावरून?"

"तुमचं गणित, तुम्ही उभे राहा खाली."

भावीचा चेहरा पडला. एवढा जमवलेला खेळ मोडणार, तोच वरून कठड्यावर हात सरकवत आत्या उतरताना दिसली. प्रत्येकजण बाजूला होत गेला, आणि ती थेट खाली येऊन फुटक्या कडेच्या पायरीवर उभी राहिली.

"ही ना ती?" ती पायानं चाचपत म्हणाली. "ही माझ्या ओळखीची आहे. मी उभी राहते इथं. मला कुठं खालचं-वरचं दिसतंय!"

दहाचे अकरा होऊ नयेत म्हणून बायको रांगेतून बाहेर झाली. सेक्रेटरी आत्याच्या वरच्या पायरीवर चढला, मागं वळून खाली बघितलं, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू तेज आलं. "म्हणजे माझ्याखाली एकजण आहे?"

"दहातला एक तुमच्याखाली. तुमचं पर्सेंटाइल दहा."

"दहा!" सेक्रेटरी म्हणाला. "मग ठीक आहे. दहा चांगलं आहे."

"आणि माझं शंभर!" खांब वरून गरजला.

"नाही," भावी म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुमच्याखाली नऊजण. स्वतःच्या डोक्यावर स्वतः कसे उभे राहाल? तुमचं नव्वद. अरे, म्हणजे हे तुमच्या उंचीचं मापच नव्हे! शेजारी कोण उभं आहे याचं माप आहे! चाळिसात पंचाहत्तर, म्हणजे तीस माणसं खाली! बावन्नचा काही संबंधच नाही!"

तो आनंदानं टाळी वाजवणार, इतक्यात खालून हाक आली, "बाजूला व्हा, कपाट येतंय!"

कुणा नव्या बिऱ्हाडाचं लोखंडी कपाट घेऊन हमाल जिना चढू लागले. भावीनं आधी आत्याला उचलून कोपऱ्यात घेतलं. बाकीचं पर्सेंटाइल भिंतीला चिकटलं. सेक्रेटरीचा एक बूट गडगडत खाली गेला, शिंप्याचा टेप कपाटाच्या मुठीत अडकून वरच्या मजल्यावर गेला, गाणेबाईंचा अंबाडा सुटला, आणि मघाशी नव्वदावर असलेला खांब कपाटामागं असा दडपला की त्याचे नुसते हात हलताना दिसत होते. "अर्जात कपाट नव्हतं!" सेक्रेटरी एका पायावर उभा राहून ओरडत होता.

इथवर सगळं घरगुती होतं. पण भावी पाणीपुरवठ्यातला माणूस, हे तो विसरला तरी गल्ली विसरली नव्हती. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की पाणीखात्याचा माणूस लोकांची मापं घेऊन त्यांना पर्सेंटाइल देतोय, आणि ज्याचं कमी, त्याचं पाणी बंद. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या खिडकीशी रांग लागली. एक बाई म्हणाल्या, "आम्हाला जास्त नको, वरची टाकी भरेल एवढं पर्सेंटाइल द्या." एका म्हाताऱ्यानं सांगितलं की त्याचं मागल्या महिन्यापासून तुंबलंय.

मोठ्या साहेबांनी भावीला बोलावलं. समोर खुलासापत्र: 'विनापरवाना पर्सेंटाइल वाटप केल्याबद्दल आपणांविरुद्ध कारवाई का करू नये?' खुलासा समाधानकारक नसल्यास परीक्षेला बसता येणार नाही.

आयुष्यात ज्यानं कधी टाचणी घरी नेली नाही, त्याच्यावर वाटपाचा आरोप! भावीनं तिथंच साहेबांच्या टेबलावरचे पेन, शाईची बाटली, पेपरवेट उंचीप्रमाणं मांडले आणि समजावून सांगितलं. साहेबांना कळलं. कळल्याचं त्यांना स्वतःलाच इतकं आश्चर्य वाटलं की ते म्हणाले, "भावी, हे सगळ्या परीक्षार्थींना शिकवा. कचेरीचा निकाल चांगला लागला पाहिजे. हा हुकूम समजा."

भावीनं शिकवलं, जीव ओतून शिकवलं. वर्गात परीक्षेला बसणारे नऊजण, भावी धरून, त्यांत सगळ्यात जुना भावीच, आणि मागच्या बाकावर दप्तरीकाका. हे रेकॉर्डखोलीत जुन्या फायली सांभाळत. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले, म्हणून परीक्षेतून सूट, घरी एकटा जीव. मग इथं का आले? म्हणाले, "रेकॉर्डखोलीतला पंखा बिघडलाय."

जिन्याची हकीकत ऐकून सगळे हसले. दप्तरीकाका मात्र आत्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावून म्हणाले, "म्हणजे भावी, खाली एक माणूस वाढला, तर वरच्या सगळ्यांचं भलं होतं?"

"हो, होतं की थोडं," भावी घाईत म्हणाला आणि फळ्याकडं वळला.

शिकवून घरी जाताना जिन्यात त्याचा पाय थबकला. हा साधा हिशेब त्याला आत्ता सुचत होता. ज्यांना आपल्याखाली उभं राहायला हवं, त्यांनाच आपण पायऱ्या चढवतोय! बाकीचे फळ्यापेक्षा घड्याळाकडं जास्त बघत. पण ती नवी टंकलेखिका? ती तर अशा शंका विचारत होती की भावीलाच घाम फुटावा. त्या संध्याकाळी तो घरात इतक्या फेऱ्या मारत राहिला की बायकोनं वाटेतली सतरंजी गुंडाळून ठेवली.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "उद्यापासून थोडं चुकीचं शिकवलं तर?"

आत्या गुणगुणायची थांबली. "डोळे मंदावल्यावर मला जिना शिकवलास तेव्हा एखादी पायरी गाळली होतीस का रे?" एवढंच म्हणाली, आणि पुन्हा गुणगुणू लागली.

दुसऱ्या दिवशी भावीनं टंकलेखिकेच्या सगळ्या शंका फेडल्या. तोंड कडू करून फेडल्या, पण फेडल्या.

परीक्षेच्या दिवशी खोलीत दहावं बाक लावलेलं होतं. त्यावर दप्तरीकाका बसलेले, धुतलेला सदरा घालून.

"काका, तुम्हाला तर सूट आहे ना?"

"आयत्या वेळी ती परत केली. सूट असते, सक्ती थोडीच असते? एकदा परीक्षेची हौस फेडून घेतो," दप्तरीकाका म्हणाले.

पेपरात पर्सेंटाइलचीच उदाहरणं जास्त होती. भावीला प्रत्येक ओळीत माणसं दिसू लागली: ही पायरी खांबाची, ही सेक्रेटरीची, ही फुटक्या कडेची. मधेच त्यानं मान वर केली, तर दप्तरीकाका हाताची घडी घालून खिडकीबाहेरच्या झाडाकडं शांतपणे बघत होते. पेनाचं टोपणही काढलेलं नव्हतं. बिचाऱ्यांना काही येत नाहीये, असं वाटून भावीला वाईट वाटलं.

निकाल फळ्यावर लागला. पहिली टंकलेखिका, नव्वद. दुसरा भावी, ऐंशी. अगदी ऐंशी, ना वर ना खाली. टंकलेखिका धावत येऊन त्याच्या पाया पडली, शिपाई म्हणाला, "साहेब, चहा सांगू?" आणि 'साहेब' हा शब्द ऐकून भावीनं मागं वळून पाहिलं की कोण आलंय.

फळ्याच्या तळाशी आणखी एक ओळ होती. पंपघरावर बदली: दप्तरीकाका.

भावीला एकदम बसावंसं वाटलं. हातात खडू होता. त्यानं फळ्याच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. दहात आपल्याखाली आठ, म्हणजे ऐंशी. आणि दहावं बाक नसतं तर? नवात आपल्याखाली सात. सत्त्याहत्तर आणि वर काही अपूर्णांक. त्या तळाच्या ओळीत मग नाव कुणाचं असतं, हे मांडायला खडू लागला नाही.

तो धावतच रेकॉर्डखोलीत गेला. दप्तरीकाका फायलींवरची धूळ झटकत होते. डोक्यावर पंखा व्यवस्थित फिरत होता.

"काका, हे काय केलंत? मी साहेबांना सांगतो. हे परत करायला लावतो!"

"कशाला? कोरा पेपर दिला म्हणून तक्रार करणार? तो माझा हक्क आहे." ते हसले. "अहो साहेब, थोड्या महिन्यांचा तर प्रश्न. माझ्या घरी वाट बघणारं कोण आहे? तिकडं म्हणे पाण्याचा आवाज अखंड असतो. एकट्या माणसाला झोप छान लागते."

"पण खाली... तुम्ही..."

"तुमच्या आत्याबाई उभ्या राहिल्याच ना? त्यांना विचारा, ती पायरी काही वाईट नसते. तिथून सगळे दिसतात." मग त्यांनी फडकं भावीच्या हातात दिलं. "या वरच्या फायली तेवढ्या झटका. माझा हात पोचत नाही."

भावीनं फायली झटकल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते धुळीच्या नावावर खपून गेलं.

घरी आल्यावर त्यानं आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना विचार, तिकडच्या जिन्याला कठडा आहे का. नसेल तर तू साहेब कशाला झालास?" साहेब म्हणून भावीनं जो पहिला हुकूम काढला, तो पंपघराच्या जिन्याला कठडा बसवण्याचा.

तर मंडळी, हेच ते मागणं. फार मोठं नाही, चपला राहू द्या. उद्या सकाळी नळ सोडाल, तेव्हा आधी नुसती हवा येते बघा, फुस्स करून, आणि आपण करवादतो. त्या वेळी करवादू नका. पलीकडच्या टोकाला कुणीतरी नुकताच पंप सुरू केलेला असतो. पाणी यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ, तेवढाच, दप्तरीकाकांची आठवण काढा.